मनगटातलं पैंजण

कोल्हापूर, १० मे २००४

प्रिय आक्का,

मागच्या पत्रात हुपरीच्या चन्नाप्पांच्या घराबद्दल मी लिहिलं होतं, की तिथं कुणी आजारी नाही आणि दिवसभर कारखान्यातली चांदी किणकिणत असते. दोन्ही चूक. तू चुलीपुढं बसवून मला पाटीवर अक्षरं शिकवलीस, तेव्हापासून चुकलेलं पुसल्याशिवाय मला पुढं लिहिता येत नाही. म्हणून आधी हे.

आमची ही पाहणी देशभर चालली आहे. घरात अंथरुणाला कोण खिळलंय, त्याचं कोण करतं, ते विचारायचं. राहिलेल्या एका प्रश्नासाठी परवा त्या घरी पुन्हा गेले. वीज नव्हती, कारखाना बंद होता, तरी किणकिण चालूच. आतल्या खोलीत चन्नाप्पांची आई पडून होती. वाचा गेलेली. मनगटाला घुंगरांचं पैंजण बांधलेलं. तहान लागली, कूस बदलायची झाली, की ती हात हलवते. तुम्ही तर कुणी आजारी नाही म्हणालात, असं मी चन्नाप्पांना म्हटलं. "आजारी कुठं? म्हातारपण हाय ते. बघायला सून हाय की!" सून रत्नव्वा सासूला कुशीवर वळवता वळवता हसली. "पैंजण माझ्या लग्नातलं बाई, वाजीवत्यात सासूबाई." माहेरी शेवटची कधी गेली होतीस, असं मी विचारलं. हा प्रश्न आमच्या पाहणीच्या कागदात नाही. ती उशी नीट करत राहिली.

परतताना एसटीत मला आठवलं. प्रशिक्षणात हंबीरराव साहेबांनी सरावाला प्रत्येकाला स्वतःच्या घरचं विचारलं होतं. कागलला आमच्यात कुणी आजारी नाही, असं मी चटकन सांगून मोकळी झाले. सख्खी आई, आपली अव्वा, लकव्यानं पडून आहे आणि मला ती आठवली नाही, आक्का. कारण तू आहेस.

तुझ्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती. छातीत गाठ लागते, दुखत नाही, अव्वाला टाकून दवाखान्यात कशी जाऊ. मी उत्तरात हुपरीची चांदी लिहिली. भ्याले होते गं. आता इथल्या दवाखान्यात तुझं नाव घातलं आहे. आण्णा तुझ्याबरोबर येतील, त्यांना वेगळं कळवलंय. अव्वाचं मी करीन. कूस कशी बदलायची ते रत्नव्वानं मला दाखवलंय. मी रजा काढली आहे, पहिल्या एसटीनं येते. नाही म्हणू नकोस, लुगडं बदलून तयार राहा. शुक्रवारी, १४ मेला.

तुझीच,
सौंदर्या