आटपाडीचे एक्केचाळीस टँकर

प्रति,
मा. नियंत्रण अधिकारी,
टँकर नियोजन संगणक कक्ष (सांगली व सातारा),
सांगली.

विषय : आटपाडी केंद्रावरील रोजंदारी संगणक चालक कु. दीक्षा राजरत्न धेंडे यांना कामावरून कमी केल्याचा आदेश मागे घेणेबाबत.

संदर्भ : आपला आदेश दि. ११ मे १९९८.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून मी, आपल्याच कक्षातील कनिष्ठ प्रोग्रामर, कळवितो की सदर आदेश चुकीचा आहे व तो मला मान्य नाही. कारणे पुढीलप्रमाणे.

१. सांगली, मिरज, आष्टा, आटपाडी व सातारा येथील पाच संगणक टेलिफोन लाइनने जोडलेले असून ते एकच काम वाटून करतात. प्रत्येक केंद्र आपल्या भागाची टँकरची मागणी बाकी चौघांना पाठवते, पाचही आकड्यांची बेरीज प्रत्येकाकडे तयार होते आणि तीवरून टँकर वाटले जातात. पूर्वी बेरीज पुरी होईपर्यंत पाचही यंत्रे हातावर हात ठेवून बसत. आटपाडीची लाइन दिवसातून दहा वेळा तुटते, म्हणजे तिच्यापायी साताराही बसे. मार्चमध्ये मी प्रोग्राम बदलला. आता यंत्र आकडा रवाना करून लगेच रस्त्यांच्या आखणीला लागते आणि वाटपाची वेळ आली की बेरीज पुरी झाली का ते पाहते. नसेल तरच थांबते. संध्याकाळी निघणारी यादी त्यामुळे दुपारी दोनला निघू लागली. ही सुधारणा आपण वरिष्ठांना स्वतःच्या नावाने कळविली, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

२. दि. ८ मे रोजी कु. धेंडे यांनी आटपाडीचा ३८ हा आकडा रवाना केला. बेरीज चालू असतानाच शिंगाडे वस्तीच्या हरणाबाई आठ मैल चालत येऊन दारात उभ्या राहिल्या. "आवं बाई, आमची वस्ती लिवा की. तीन दिस झालं, थेंब न्हाई," असे त्या म्हणाल्या. तीन टँकर वाढवून कु. धेंडे यांनी त्याच जागी ४१ केले. तोवर सांगली व मिरजेला ३८ पोहोचले होते. आष्टा व साताऱ्याला ४१ गेले. एका दिवसाच्या दोन बेरजा झाल्या, याद्या जुळेनात, आणि शिंगाडे वस्तीला टँकर गेलाच नाही.

३. आदेशात यास 'चालकाचा हलगर्जीपणा' म्हटले आहे. वस्तुस्थिती अशी की आकडा बदलण्यापूर्वी त्यांनी मला फोन केला. "सर, आकडा वाटंवर हाय. आता बदलला तर चालंल न्हवं?" असे त्यांनी स्पष्ट विचारले. मी जेवत होतो. "चालंल की, काय होत न्हाई," असे मी म्हणालो. पाठवलेला आकडा बेरीज पुरी होईपर्यंत हलवायचा नसतो, हे कक्षात एकट्या मला माहीत होते आणि मीच विसरलो. हे मी दि. ९ रोजी आपणांस तोंडी सांगितले. "तू कायम नोकरीतला, ती रोजंदारीवरची. गप बस," असे आपण म्हणालात. त्या वाक्याची मला चीड आली आणि अजून आहे.

४. बेरीज होईपर्यंत सर्व यंत्रे पूर्ववत थांबवावीत, असाही आदेश आहे. चूक न थांबण्यात नव्हती. आता आकड्याची नक्कल वेगळ्या जागी ठेवून तीच पाठवली जाते. मूळ आकडा चालकाने खुशाल बदलावा, तो पुढच्या फेरीत जाईल. दि. ९ पासून एकही बेरीज चुकलेली नाही. पाच केंद्रांना पुन्हा खोळंबून ठेवणारा प्रोग्राम माझ्या हातून लिहिला जाणार नाही.

५. कारवाई करावयाची असल्यास ती माझ्यावर करावी. वेतनवाढ रोखा किंवा बदली करा, मी हरकत घेणार नाही.

६. आदेश मागे घेतला जाईल तेव्हा जाईल. दि. १२ पासून कु. धेंडे माझ्या सांगण्यावरून आटपाडीच्या यंत्रावर काम करीत आहेत. मस्टर कुलपात असल्याने त्या साध्या कागदावर सही करतात. काल शिंगाडे वस्तीला तीन टँकर पोहोचले, ते त्यांनीच काढलेल्या यादीवरून. तो सह्यांचा कागद सोबत जोडला आहे. प्रत्येक सहीखाली माझीही सही आहे. त्यांची खोडायची असल्यास दोन्ही खोडाव्यात.

आपला, या एका बाबतीत नम्र नसलेला,
(सही)
आकाराम नाथाजी यादव
कनिष्ठ प्रोग्रामर
सांगली, दि. १४ मे १९९८

सोबत : १. प्रोग्रामची प्रत, माझी चुकीची ओळ अधोरेखित करून.
२. हरणाबाई यांचा अंगठा असलेला जबाब.
३. हजेरीचा साधा कागद.