मुठीचं लाकूड

ता. ३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कामाशिवाय मी पत्र लिहीत नाही, असं तू घरभर सांगत असतेस. म्हणून आधी बिनकामाच्या बातम्या. मी वेळेवर जेवतो. दुकान झाडून काढलं. भट्टीच्या मागून एक मेलेला उंदीर आणि अण्णांचा हरवलेला चष्मा निघाला. चष्मा हातात घेतला आणि तिथंच खाली बसलो. अण्णांना जाऊन दोन महिने झाले, पण मी सकाळी अजून दोन कप चहा टाकतो.

आता काम. त्यांच्या टेबलाच्या तळच्या खणात, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं एक पातं सापडलं. अरुंद, वीतभर लांब, टोकाला निमुळतं. पाणी दिलेलं, घासलेलं, धारही जवळजवळ काढलेली. फक्त मूठ नाही. सोबत त्यांची नेहमीची चिठ्ठी आहे, पण तिच्यावर एवढंच लिहिलंय की मूठ डाव्या हाताची. गिऱ्हाइकाचं नाव नाही. ‘काय कापायचं’ या ओळीपुढेही कोरं. शेवटी शेवटी विसरायला लागले होते बहुतेक.

ताई, ही सुरी मी पुरी करणार आहे. माझ्या हाताला घाई आहे असं ते म्हणायचे. चार लोकांतही म्हणायचे, आणि मला ते फार लागायचं. शहरातली नोकरी सोडून मी भट्टीशी आलो तेव्हा त्यांनी वर्षभर मला फक्त कानस धरायला दिली. निदान त्यांचं शेवटचं काम तरी माझ्या हातून नीट व्हावं. मूठ लाखेवर बसवायची की खिळ्यांवर, ते कळव. तू लग्नापर्यंत त्यांच्या शेजारी बसलीस, तुला जे ठाऊक आहे ते मला त्यांनी कधी सांगितलंच नाही.

लोभ आहेच, पुरत नसेल तर तसं कळवावं.

तुझा,
खटपट्या

ता. ८

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं आणि आमटी करपवली. ह्यांनी तीच भातावर ओढून घेतली. चष्म्याचं वाचून मलाही रडू आलं. तो माझ्यासाठी जपून ठेव.

सुरी पुरी करतोस हे फार छान. ते तुला रागावायचे, पण मला लिहिलेल्या प्रत्येक पत्रात तुझीच चौकशी असायची, म्हणजे तू काय शिकलास आणि काय बिघडवलंस याची. आता नीट वाच. लाख आणि खिळे दोन्ही हवेत. पात्याची शेपटी मुठीत जाते तिथलं भोक तिच्या अंगापेक्षा जरा कमी कोर. शेपटी तापव, लाल नको, नुसती तापव, आणि एका दमात आत घाल. लाकूड जळून स्वतःच तिला जागा करून देतं. मग लाख ओत, मग दोन पितळी खिळे. डाव्या हाताची आहे तर अंगठ्याचा खळगा उजव्या अंगाला येईल, उलटं करून बसशील! अशी बसवलेली मूठ माणसाच्या हयातीत हलत नाही. अण्णांच्या एकाही गिऱ्हाइकानं कधी मूठ निघाली म्हणून तक्रार केली नाही.

चिठ्ठी कोरी कशी, ते मात्र कळेना. काय कापायचं हे कळल्याशिवाय ते पात्याला आकारच द्यायचे नाहीत. आजारपणाचं असेल. आमच्या चिमणीचे पुढचे दोन्ही दात पडलेत आणि ती मामाला फोटो पाठवायला तयार नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस, आणि भाजताना पाण्याची बादली जवळ ठेव.

तुझी,
ताई

ता. १४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झाली! तू सांगितलंस तस्सं केलं. शेपटी आत गेली तेव्हा असा धूर निघाला की मी दाराबाहेर पळालो. पण बसली. शिकंज्यात धरून सगळा जोर लावून ओढून पाहिली, केसभर हलली नाही. अण्णा असते तर काही बोलले नसते. त्यांचं न बोलणं म्हणजेच शाबासकी, हे तुला माहीत आहे.

आणि ऐक, गिऱ्हाईकही मिळालं! काल सुरी टेबलावर होती आणि गल्लीच्या टोकाचे थोरले शिंपी विजार द्यायला आले. बघताक्षणी ओळखली. आपलीच म्हणाले. डाव्या हातात घेतली, अंगठ्यावर धार पाहिली आणि बराच वेळ तशीच धरून उभे राहिले. मग हसले. तुझे अण्णा दोन वर्षं मला एकच सांगत होते की मुठीचं लाकूड वाळतंय, आणि तू दहा दिवसांत करून दाखवलंस, असं म्हणाले. माझी छाती केवढी फुगली असेल ते तूच ताड. शिंप्याला असली सुरी कशाला, हे मनात आलं, पण पहिल्याच कौतुकाच्या वेळी उलटतपासणी कशी घेणार?

त्या दोघा भावांची गंमत तुला ठाऊकच आहे. एकच दुकान, दोन मशिनं, मध्ये पडदा, तीन वर्षं अबोला. आता त्यांनी समोरची खिडकीही वाटून घेतलीय. धाकट्यांकडे कात्री असेल तर थोरले मला ती मागून आणायला लावतात, आणि धाकटे माझ्याच तोंडून नाही म्हणतात. दोघांमध्ये बसून माझी मान दुखायला लागली. थोरले परवा सहज म्हणाले की हे आता फार दिवस चालायचं नाही. मिटवतायत वाटतं.

फक्त शेवटची धार लावायची राहिलीय. रविवारी, एकोणीस तारखेला, नेऊन देतो.

शिकवणीबद्दल जन्मभर ऋणी. आता डोक्यावर बसू नये, एवढीच विनवणी.

तुझा,
खटपट्या

ता. १८, शनिवार

चि. खटपट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आता दुपारी मिळालं. तशीच तारघरात धावले, ते बारालाच बंद झालं होतं. उद्या रविवार. सोमवारी उघडल्या उघडल्या तार करीन. तरी हे लिहितेय, कारण तारेत सगळं मावणार नाही.

ती सुरी देऊ नकोस.

अण्णांना कुणाला नाही म्हणता यायचं नाही. शेजारधर्म, भिडस्त स्वभाव, काहीही म्हण. ज्या माणसाच्या हाती पातं द्यायचं नसेल त्याचं काम ते घ्यायचे, पातं घडवायचे, त्याला दाखवायचेही. मूठ तेवढी बसवायचे नाहीत. विचारायला आला की लाकूड वाळतंय म्हणून सांगायचे. वर्ष जायचं, माणसाचा राग जायचा, मग पातं भट्टीत जायचं. मी पंधरा वर्षांची असताना लाकडाच्या वखारीवाल्याचं असंच वाळवत ठेवलं होतं. वर्षभरानं त्याची बायको मागच्या दारानं आली आणि अण्णांचा हात धरून रडली. तेव्हा मला कळलं, आपल्या दुकानात सुकं लाकूड ढीगभर पडलेलं असताना अण्णा ‘वाळतंय’ असं का म्हणतात. तू तेव्हा मामाकडे शिकायला होतास. तुला कुणी सांगितलंच नाही. मी सांगायला हवं होतं.

आणि तुला मूठ कशी बसवायची ते मी शिकवलं.

दोन वर्षांपूर्वी अण्णांनी मला लिहिलं होतं की एक शेजारी सुरी मागतोय, तीनदा विचारलं काय कापायचं, तर नुसता स्वतःच्याच दुकानाकडे बघत बसतो. कोण ते लिहिलं नव्हतं. मला वाटलं, ते पातं कधीच वितळलं असेल.

दिली असशील तर जा आणि परत आण. खिळा सैल राहिला म्हणून सांग, मूठ बदलायची आहे म्हणून सांग. खोटं बोल, माझ्या गळ्याची शपथ. आणि धाकट्यांना पडद्याआडून नको, समोर बसवून सगळं सांग.

काळजीत,
ताई

ता. २२, बुधवार

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र आज सकाळी आलं. तार सोमवारीच आली होती. सुरी देऊ नकोस, मूठ काढ, एवढंच होतं तिच्यात. मी चिडलो, ताई. वाटलं, हिलाही माझं काम खात्रीचं वाटत नाही, हिच्याही मते माझ्या हाताला घाईच आहे. तार चुलीत घातली. सुरी तर रविवारीच दिली होती. हे दोन दिवस माझे आहेत, ते मी कुणाच्याही नावावर टाकू शकत नाही.

पत्र वाचून तसाच पळत गेलो. दुकान उघडं होतं. थोरले एकटेच, बटणं लावत बसलेले. मधला पडदा काढून घडी करून ठेवलेला. धाकट्यांच्या मशीनवर चादर टाकलेली. मी विचारलं, धाकटे कुठे आहेत. गावी गेलेत म्हणाले. कधी गेले विचारलं, तर दोऱ्याला गाठ मारत राहिले. त्यांना गाव नाही, ताई. दोघंही याच गल्लीत जन्मले. धाकट्यांच्या चपला उंबऱ्याशीच होत्या.

मग तू सांगितलेलं खोटं बोललो. खिळा सैल राहिलाय, सुरी द्या, मूठ नीट करून देतो, म्हणालो. त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. शांतपणे म्हणाले की काही गरज नाही. चांगला जोर लावून पाहिला, मूठ जरासुद्धा हलली नाही.

मी आता पोलीस चौकीत जातोय. तुझं पत्र खिशात आहे, ते मागतील. वाटेत हे पेटीत टाकीन. लगेच निघून ये. त्यांच्या तोंडून ते वाक्य ऐकताना, ताई, क्षणभर मला बरं वाटलं होतं.

तुझा,
खटपट्या