दोनदा फुटलेला पाय

माय, तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली, पण तुझ्यावरचा राग गेलेला नाही. घोट्यावरची तुझी जखम पहिल्यांदा भरायला चार महिने लागले. दर आठवड्याला मी केशोरीहून बसने तुला गोंदियाला नेत होते. शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी तुला नीट समजावलं, "जखम भरली, पण पायाच्या नसा कमजोरच आहेत. सकाळी उठल्याबरोबर, सूज चढायच्या आधी, हे घट्ट मोजे घाला. दुपारी पाय उशीवर उंच ठेवून पडा. कातडी कोरडी पडू देऊ नका, मलम लावा." तू मान डोलावलीस आणि बसमध्ये बसल्यावर मला म्हणालीस, "म्हातारीनं मोजे घातले त लोकं हासतीन."

नवऱ्याचं घर सोडून, लहान लेकीला घेऊन मी तुझ्याकडे आले होते. तेवढ्यात देवरीकडच्या एका आश्रमशाळेत मला स्वयंपाकाचं काम मिळालं, राहायला खोलीसकट. निघण्याआधी मोजे कसे चढवायचे ते तुला पुन्हा दाखवलं. भाताच्या रोवणीच्या दिवसांत तुझा निरोप आला, पाय पुन्हा फुटला, जखम उघडली. मी धावत आले. मोजे परसात सापडले. त्या मोज्यांनी तू दोडक्याचा वेल मांडवाला बांधला होतास. "काऊन घातले नाहीस?" मी विचारलं. तू पाय पुढे केलास. "कायले घालू? तू आहेस ना पट्टी कराले."

त्या वाक्याची माफी तुला नाही. काम गेलं, खोली गेली. सहा महिने मी तुझ्या पायाशी बसले आणि तू शेजारणींना सांगत राहिलीस, "पोरगी मायाळू आहे, सोडून नाही गेली." गेले होते माय. तू ओढून आणलंस.

आता माझ्याही घोट्याजवळ तसाच काळसर डाग आला आहे. मी रोज मोजे घालते, पाय उंच करून पडते, कुठे खरचटलं का ते बघते. लेक नागपूरला नोकरी करते. माझ्या पायासाठी तिला एकदाही रजा घ्यावी लागलेली नाही. हे सगळं मी तुझ्यावरच्या रागाने करते.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, म्हणून एक लिहिते. त्या सहा महिन्यांत एकदा चिकटलेली पट्टी मी पाण्याने भिजवली नाही, तशीच ओढली. तू ओरडली नाहीस, नुसतं माझ्याकडे बघितलंस. माझा हात चुकला नव्हता, माय.