दरेकसाहून येणारा माणूस

प्रिय हिमांशु,

सप्रेम सलाम. हातात पत्र पाहून तुला नवल वाटेल. पण फोनवर बाबांचं नाव निघालं की तू "ताई, नंतर बोलू" म्हणतोस आणि ते नंतर काही येत नाही. पत्र तू मध्येच खाली ठेवलंस तरी टेबलावर पडून राहील, आणि कधीतरी पुरं वाचशील, म्हणून लिहिते आहे.

आई बरी आहे. डोळ्याचं ऑपरेशन नागपूरला चांगलं झालं. आता सकाळी पवित्र शास्त्र उघडून बसते आणि मला हाका मारून दाखवते, "पाह्य, हे बारीक अक्षर बी दिसून राहिलं." होणाऱ्या सुनेचा, तुझ्या नूतनचा फोटो तिने शास्त्रातच ठेवलाय. गोंदियात ऊन मी म्हणतंय. आमच्या लॅबचा कूलर सकाळीच गरम हवा फेकतो आणि रक्त द्यायला आलेली माणसं भोवळ येऊन बाकावर आडवी होतात. तुझ्या लग्नाची तयारी म्हणशील तर आईच्या साड्या घेऊन झाल्या, पत्रिकेचं तेवढं राहिलंय. त्याबद्दल शेवटी लिहीन.

गेल्या वर्षी धानाची कापणी आटोपल्यावर एका रविवारी चर्चमध्ये उपासना चालू असताना शेवटच्या बाकावर एक माणूस येऊन बसला. केस पांढरे, गालफडं बसलेली, शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावलेली. मी ओळखलं नाही. आईने तर मागे वळूनही पाहिलं नव्हतं. तो खोकला, आणि गाता गाता तिचा आवाज थांबला. मग पुढच्या ओळीला पुन्हा लागला. बाहेर पडताना माझा दंड धरून ती म्हणाली, "तुझा बाप आला हाये. मांगं पाहू नको."

माझ्या मनात पहिला विचार आला तो हा: याला काय पाहिजे? ते घर सोडून गेले तेव्हा तू सातवीत होतास, तुला किती आठवतं मला माहीत नाही. मला सगळं आठवतं. राईस मिलच्या मागची आपली खोली, दारात उभा असलेला बाबांचा ट्रक, आणि त्या दुपारी आईचा पिरगाळलेला हात. दवाखान्यात तिने पायरीवरून पडले म्हणून सांगितलं. तो हात अजूनही पुरता वळत नाही, ओला कपडा पिळायचा तर मलाच हाक मारावी लागते. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते रायपूरकडे गाडी घेऊन गेले ते गेलेच. दारूच्या प्रत्येक खेपेनंतर तुझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेणारा माणूस जाताना तुझ्याकडे पाहूनही गेला नाही.

माझ्या लॅबमध्ये रोज कोणी ना कोणी सांगतं, "मॅडम, उपाशीपोटी आलो." साखर किती ते मशीन सांगतं. इतकी वर्षं हेच पाहून माझा स्वभाव तसाच झालाय. माणूस म्हणतो ते ऐकून घ्यायचं आणि नमुना मात्र काढायचाच.

तर मी नमुने काढायला लागले. ते दर रविवारी तिकडच्या जंगलातल्या दरेकसाहून रेल्वेने यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे आणि घराकडे न फिरकता परत जायचे. घरी का येत नाहीत, याचाही मला संशय आला; मुरलेला माणूस घाई करत नाही. मग एका रविवारी त्यांनी साक्ष दिली. मी बायकोला मारलं, पोरं टाकली, प्रभूने मला रस्त्यावरून उचललं, असं म्हणत रडले. मंडळीतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी कोरडी बसून होते. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहत नव्हते. आईला मारून झाल्यावरही ते असेच रडायचे. पाळकसाहेब मला समजावू लागले की रीता, कृपा फुकट असते. मी म्हटलं, साहेब, फुकट मिळते म्हणूनच खोटा माणूस आधी रांग लावतो. ते हसले, पण मी हसण्यासाठी बोलले नव्हते.

आईला विचारलं, तू त्यांना माफ केलंस का? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "माफ मी कवाच केलं. नाई तं मीच सडली असती. पर घरात घेणं येगळी गोष्ट हाये." एवढं बोलून पुन्हा खडे वेचायला लागली. मला तिचं उत्तर पटलंही आणि रागही आला. तिला जे इतकं सरळ दिसत होतं, ते मला दिसत नव्हतं.

शेवटी सुट्टी टाकून मी कोणाला न सांगता दरेकसाला गेले. ज्यांच्याकडे ते राहतात ते सुकराम म्हणून म्हातारे आहेत. नवरा-बायको दोघंच, थोडी धानाची जमीन, बाकी जंगलातलं काम. मोहाचे दिवस नुकतेच लागले होते. अंगणभर फुलं वाळत घातलेली, वास असा की डोकं जड व्हावं. माझ्या मनात आलं, वा! दारूच्या झाडाखाली राहायचं आणि दारू सोडली म्हणायचं. बाबा रानात गेले होते. मी सुकरामकाकांना खोदून खोदून विचारलं. कधी आला, काय सांगितलं, कोण भेटायला येतं, कोणाला फोन करतो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तू काऊन इतकं इचारून राहिली, बाई? चोर हाये का तो?" मी म्हटलं, काका, तुम्हाला माहीत नाही तो कसा होता. ते म्हणाले, "माहीत हाये. त्यानंच सांगतलं. स्टेशनावर तापानं फणफणून पडला होता, आमी घरी आणला. आमी काई त्याले सुधरवला नाई. आमीच कुठं पुरे सुधरलो? सकाळी तिघं बसतो, एक वचन वाचतो, मंग ज्याच्या त्याच्या कामाले जातो." त्यांच्या बायकोने मला बळेच जेवायला वाढलं. मी जेवले, आणि हे तिघं मिळून मला फसवत तर नाहीत ना, असा विचार करत गाडीत बसले. बघ, मी कुठपर्यंत गेले होते.

आईच्या ऑपरेशनच्या वेळी तर मी कमालच केली. घराची किल्ली त्यांच्याकडे द्यायची, असं मीच सुचवलं. आई चकित झाली. तिला वाटलं माझं मन वळलं. मी जाण्याआधी कपाटाच्या दोन दारांना बारीक दोरा चिकटवून ठेवला होता. नागपूरहून परत आलो तेव्हा पाणी भरलेलं, अंगण झाडलेलं, किल्ली शेजारी दिलेली, आणि दोरा जसाच्या तसा. मला बरं वाटायला हवं होतं. पण मी म्हटलं, त्याला दोरा दिसला असणार.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आई आणि मी रोज संध्याकाळी वाचन करत होतो. एक दिवस द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आला. मालक सकाळपासून राबलेल्यांना जेवढं देतो तेवढंच दिवस मावळताना आलेल्यांनाही देतो. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण त्या दिवशी माझा संतापच झाला. मी शास्त्र मिटलं आणि आईला म्हटलं, म्हणजे धानाच्या रोवण्याला सकाळपासून चिखलात वाकून कंबर मोडली माझी, आणि सूर्य बुडताना बांधावर येऊन उभ्या राहिलेल्याला तेवढीच मजुरी? हिमांशूची फी कोणी भरली? तुझा हात कोणी शेकला? आई शांतपणे म्हणाली, "मजुरी कोन देऊन राहिला, तू का तो? तुले कमी पडली का?" त्या रात्रीपासून मी प्रार्थनेला बसायचे आणि शब्दच सुचायचे नाहीत. हात जोडलेले, आणि मन मात्र दरेकसाच्या गाडीवर पाळत ठेवून.

आणि मग मी ज्याची वाट पाहत होते ते झालं.

होळीनंतरचा सोमवार होता. सकाळी मी लॅब उघडली तर पेशंटच्या बाकावर बाबा बसलेले. डोळे लाल, आणि तो वास. तू लहान होतास, पण तो वास तूही विसरला नसशील. आदल्याच दिवशी, रविवारी, त्यांनी उपासनेत पहिल्यांदा शास्त्रपाठ वाचायचा होता आणि ते आलेच नव्हते. उभे राहिले आणि म्हणाले, "रीता, काल मी प्यालो. स्टेशनावर जुना संगी भेटला, त्याच्या संगं गेलो. दुसऱ्या कोनाकून तुले समजण्याच्या आंधी सांगाले आलो. आईले तू सांगतेस का मी सांगू?"

हिमांशु, मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला. माझं मशीन बरोबर निघालं होतं. मी म्हटलं, मला माहीतच होतं. ते म्हणाले, "हो." एवढंच. मी थांबले. आता शपथ येईल, आता पाय धरतील, आता पुन्हा कधी नाही म्हणतील. काहीच आलं नाही. मी चिडून विचारलं, मग सोडली सोडली म्हणत होतात ते काय होतं? तेव्हा म्हणाले, "मी सोडली म्हनत होतो तेच चुकलं. माह्यानं नाई सुटत. रोज सकाळी प्रभूपुढं हात पसरतो तवा तो दिवस निभते. काल पसरले नाई. मले वाटलं, आता मी पक्का झालो."

एक बाई लहान मुलाला घेऊन आत आली. बाबा बाजूला झाले. मी त्या मुलाचं रक्त काढलं, नळीवर नाव लिहिलं. आपल्या घरातला तो जुना माणूस हातात बाटली असतानाही पोरांची शपथ घेऊन म्हणायचा की मी प्यालो नाही. आणि हा, कोणी विचारलं नसताना, माझ्या दारात येऊन सांगत होता की मी प्यालो. मला फसवायचं असतं तर त्यांना फक्त गप्प बसायचं होतं. दोरा न तुटल्याने जे मला पटलं नव्हतं, ते त्यांच्या पडण्याने पटलं. पुरतं नाही. पण काहीतरी हललं.

आईला त्यांनीच सांगितलं. तिने व्हरांड्यात बसवून चहा दिला आणि म्हणाली, "आता दरेकसाले जा. रविवारी ये." रविवारी ते आले, मंडळीपुढे उभे राहून सगळं सांगितलं, यावेळी न रडता. काही लोकांनी तोंड फिरवलं, ज्यांनी आधी डोळे पुसले होते त्यांनीच. मी मात्र उठून मागे गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. त्यांच्या शेजारी नाही, मध्ये जागा ठेवून. त्या दिवशी प्रार्थनेला माझ्याकडे एकच वाक्य होतं: प्रभू, मला हे जमत नाही, तूच कर. कोणास ठाऊक, बाबा रोज सकाळी म्हणतात ते हेच असेल.

तरी माझा संशय गेलाय असं समजू नकोस. मी अजूनही त्यांच्या श्वासाचा वास घेते. ती किल्लीची वेळ सोडली तर आईनेही त्यांना व्हरांड्याच्या आत घेतलेलं नाही, आणि तेही मागत नाहीत.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. परवा संध्याकाळी नूतनच्या वडिलांचा फोन आला. आईला नीट ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावला. ते फार मायेने बोलले. आईला म्हणाले, "ताई, हिमांशूचे बाबा आज असते तर किती खूश झाले असते. पत्रिकेत त्यांचं नाव कसं लिहायचं ते कळवा." बाबा व्हरांड्यात कूलरला नवीन गवत लावत होते. "कळवतो" म्हणून मीच फोन ठेवला. तू त्यांना काय सांगितलंस ते आम्हाला तेव्हा कळलं. बाबांनी हातातलं काम पुरं केलं, कूलर सुरू करून पाहिला, मग दारात येऊन म्हणाले, "माह्या नावाच्या आंधी कै. लिहून द्या. पोराले खोटा पाडू नका. मी त्याच्यासाठी मेलोच होतो, त्याचं काई चुकलं नाई. लग्नाच्या दिवशी मी दरेकसालेच राहीन." मी यातही डाव शोधला. खूप शोधला. सापडला नाही. काल प्रेसवाल्याने मजकूर मागितला आणि मी लिहायला बसले, पण माझ्याच्याने ते एक अक्षर लिहवलं नाही. म्हणून तुला हे लिहिते आहे. नूतनला तू स्वतः सांग, मी सांगण्याआधी. त्यांना लग्नाला बोलव असं मी म्हणत नाही. माफ कर असंही म्हणत नाही; मलाच ते अजून धड जमलेलं नाही, तर तुला कुठल्या तोंडाने सांगू. फक्त बाबा जिवंत आहेत, एवढं खरं सांग.

तुझ्या उत्तरापर्यंत पत्रिका थांबवून धरणारी, तुझीच,
रीताताई