संध्याकाळच्या पाळीतल्या दोघी

काकू, वॉर्डात तुम्हाला काकू म्हटलेलं चालत नसे. पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून निघून गेलं, तेव्हा औषधांच्या ट्रॉलीवरून मान वर न करता तुम्ही म्हणालात, "इथे सिस्टर. काकू घरी." आणि बाकीच्या मुलींना कळावं म्हणून लगेच हिंदीत, "यहाँ मेरी कोई भतीजी नहीं है." मी इतकी खजील झाले की दिवसभर तुमच्यासमोर यायचं टाळलं. आज मात्र काकूच म्हणते. मला जे सांगायचं आहे ते वॉर्डातल्या सिस्टरला सांगायची हिंमत अजूनही माझ्यात नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. अमरावतीहून तुमच्या भावाचा फोन आला तेव्हा मी परीक्षेचे पेपर तपासत होते. फोन ठेवला आणि पुढचा पेपर ओढला, हेही आठवतं.

मी लखनौच्या मानकनगरची. वडील रेल्वेच्या संशोधन संस्थेत, घरात आई-बाबा मराठी बोलायचे आणि मी उत्तर हिंदीत द्यायची. नर्सिंगला गेले आणि प्रशिक्षणासाठी पहिला वॉर्ड मिळाला तो तुमचा, मेंदूच्या आजारांचा, जिथे निम्मे पेशंट आपणहून कूसही बदलू शकत नसत. तुम्ही तिथल्या इन्चार्ज. काका फौजेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही दोघं लखनौलाच राहिलात, इंदिरानगरच्या त्या दोन खोल्यांत. दर रविवारी मला जेवायला बोलवायचात आणि दारातच बजावायचात, "माझ्या घरात हिंदीत बोललीस तर भाकर मिळणार नाही." ज्या मराठीत हे लिहिते आहे, ती निम्मी तुमच्या स्वयंपाकघरातली आहे.

त्या वॉर्डातली एक दुपार. कोपऱ्यातल्या पेशंटची कूस बदलायला मी अर्धा तास उशीर केला होता. कारण विचारलंत तर मी म्हणाले, ते झोपले होते, उठवावंसं वाटलं नाही. पाळी संपल्यावर मला रिकाम्या खाटेवर उताणं झोपायला सांगितलंत. "आता हलायचं नाही. हात नाही, पाय नाही. मी येते." आणि निघून गेलात. पहिली दहा मिनिटं मला हसू येत होतं. मग माकडहाड दुखायला लागलं, मग टाचा. घाम यायला लागला, गादीची शिवण पाठीत टोचायला लागली. शेजारच्या खाटेजवळ बसलेली एका पेशंटची म्हातारी बहीण माझ्याकडे बघत होती, "बिटिया, क्या हुआ तुम्हें?" असं विचारत होती. मी पाऊण तासाने कूस बदलली. तुम्ही दारातूनच बघत होतात. जवळ आलात आणि म्हणालात, "तू वळलीस. त्याला वळता येत नाही, आणि ओरडताही येत नाही. झोपला होता म्हणे." त्यानंतर माझ्या हातून कधी उशीर झाला नाही. पहिल्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा तुम्ही मला पांढरे कॅनव्हासचे बूट दिलेत, माझ्या मापापेक्षा एक नंबर मोठे. पाळी संपेपर्यंत पाय सुजतात, तेव्हा बरोबर बसतील, म्हणालात. बसले.

पुढे मी एमएस्सीला गेले. प्रबंधाला विषय घेतला तो तुमचाच, बेडसोरचा, म्हणजे पडून पडून पाठीला होणाऱ्या जखमांचा. पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची हे सगळ्या पुस्तकांत आहे, पण वॉर्डात ती खरोखर किती वेळा बदलली जाते, हे बघायचं होतं. हॉस्पिटलची परवानगी तुम्ही मिळवून दिलीत. नर्सेस घाबरल्या होत्या. कुणीतरी वही घेऊन वॉर्डात बसणार म्हणजे काहीतरी चौकशी आहे, असं त्यांना वाटत होतं. तुम्ही सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलंत, "अपनी बच्ची है. किसी का नाम नहीं जाएगा. मैं कह रही हूँ ना." मग त्या तयार झाल्या. मी रोज स्टूल टाकून बसायची, त्यामुळे त्यांनी माझं नाव स्टूलवाली दीदी ठेवलं. मला चहाही द्यायच्या.

संध्याकाळच्या पाळीला सगळ्या वॉर्डासाठी दोघीच असत. एक कायम नोकरीतली, आणि दुसरी संविदावर, म्हणजे कंत्राटावर, रोज बाराबंकीहून येणारी. हसरी होती. पेशंटला वळवताना त्याच्याशी गप्पा मारायची, त्याला शुद्ध नसली तरी. पण त्या पाळीत कूस चुकायची. चुकली की मी वहीत फुली मारायची. एकदा तुम्ही माझ्या मागे उभं राहून वही वाचलीत.

"काय लिहून राहिली?"

"चारची कूस झाली नाही, सिस्टर."

"चार वाजता ती कुठे होती?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"रक्तपेढीत. रक्त आणायला माणूस नव्हता. आणि दुसरी स्ट्रेचर ढकलत स्कॅनला गेली होती. तेही लिही. नाही तं फुलीला काय अर्थ?"

म्हणून मी लिहायला लागले. वहीच्या मागच्या बाजूने, प्रत्येक फुलीपुढे, त्या वेळी कोण कुठे होती ते. कुणी ऑक्सिजनचा सिलिंडर शोधत होती, कुणी चिडलेल्या तीमारदारांना, पेशंटच्या नातेवाइकांना, समजावत होती, कुणी स्टोअरमध्ये कापूस मिळावा म्हणून उभी होती. जेवायला गेली म्हणून किंवा बसली होती म्हणून चुकलेली कूस अख्ख्या वहीत मोजकीच होती. ते सगळं एका पानावर मांडलं तेव्हा मला स्वतःलाच धक्का बसला. माझ्या प्रबंधातलं तेवढं एकच पान खरोखर काहीतरी सांगत होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

ते पान आधी तुम्हाला दाखवलं. मग माझ्या गाइड मॅडमनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, "ये पन्ना वाइवा में डिफेंड कर लोगी?" काढ म्हणाल्या नाहीत. ठेव असंही म्हणाल्या नाहीत. त्या दिवशी मी घरी जाऊन विचार केला. हॉस्पिटलचेच एक साहेब वाइवा, म्हणजे तोंडी परीक्षा, घ्यायला बसणार होते. त्यांच्याच कॉलेजात शिकवण्याची जागा निघणार होती, आणि माझा अर्ज तयार होता. दुसऱ्या दिवशी भूतनाथ मार्केटमधल्या टायपिंगच्या दुकानात मी उभी होते. दुकानदार पडद्यावर पानं सरकवत होता. ते पान आलं. मी म्हणाले, "भैया, ये वाला हटा दीजिए." त्याने विचारलं, "पूरा?" मी म्हणाले, पूरा. दोन मिनिटांचं काम होतं. पानांचे नंबर आपोआप बदलले.

बांधलेली प्रत घेऊन मी रविवारी तुमच्याकडे आले. तुम्ही ज्वारीची भाकरी थापत होतात. हात पुसून, चष्मा लावून ओट्याशी उभ्याउभ्याच प्रबंध चाळायला लागलात. इंग्रजी सावकाश वाचायचात, बोट ठेवून. तक्त्यांपाशी आलात. पुढे गेलात, मागे आलात, परत पुढे.

"ते पान कुठे आहे?"

"मॅडमनी काढायला लावलं, काकू. विषयात बसत नव्हतं म्हणाल्या."

"मॅडमनी?"

"हो."

तुम्ही माझ्याकडे किती वेळ बघितलंत ते मला सांगता येणार नाही, कारण मी तव्याकडे बघत होते. मग तुम्ही "अच्छा" म्हणालात. भाकरी करपली होती. ती तुम्ही स्वतःच्या ताटात घेतलीत.

तिथेच खरं सांगितलं असतं तर वेळ गेलेली नव्हती. परवानगीच्या अटीप्रमाणे हॉस्पिटलला द्यायची प्रत अजून माझ्या पिशवीतच होती. मी ती दुसऱ्या दिवशी नेऊन दिली.

काही महिन्यांनी एका पेशंटच्या घरच्यांनी तक्रार केली. पाठीला खोल जखम झाली होती, त्यांचा राग खोटा नव्हता. वरच्या ऑफिसला कुणावर तरी बोट ठेवायचं होतं आणि माझा तक्ता कपाटात तयार होता. संध्याकाळच्या पाळीत सगळ्यात जास्त फुल्या. नावं मी लिहिली नव्हती, तुम्ही दिलेला शब्द मी कागदावर पाळला होता. पण त्या पाळीला दोघीच होत्या, नावांची गरज कुणाला होती? कायम असलेलीला मेमो मिळाला. बाराबंकीहून येणारीला काहीच मिळालं नाही. तिची संविदा पुढच्या वेळी वाढवली नाही, एवढंच. तुम्ही लेखी उत्तर दिलंत की वॉर्डाची इन्चार्ज मी आहे, चूक असेल तर ती माझी. ऑफिसने तुमचं म्हणणं मान्य केलं. नोकरीचं शेवटचं वर्ष तुम्हाला चादरींच्या स्टोअरमध्ये पाठवलं.

तिथे मी तुम्हाला एकदाच भेटायला आले. तोपर्यंत मला कॉलेजची जागा मिळाली होती. खिडकी नसलेली खोली, साबणाचा आणि ओलसर कापडाचा वास, आणि तुम्ही एकेक चादर बल्बच्या उजेडाकडे धरून फाटलेल्या बाजूला काढत होतात. मला वाटत होतं तुम्ही रागवाल. रिकाम्या खाटेवर झोपवलं होतं तसं काहीतरी कराल. मी त्याच तयारीने आले होते. तुम्ही मला बसायला चादरींचं गाठोडं दिलंत आणि चहा मागवलात.

"शिकवून राहिली ना नीट?"

"हो, सिस्टर."

"मुलींना उभं राहायला शिकव. पाय दुखतात त्यांचे."

मी विचारलं, ती आता काय करते? तुम्ही म्हणालात, "तिच्यासाठी बघून राहिली मी एक जागा. दोन पोरी आहेत तिला." मी पुढे काही विचारलं नाही. कुठे, कुणाकडे, मी काही मदत करू का, काहीच नाही. चहा संपवला आणि वर्ग आहे म्हणून उठले. वर्ग नव्हता.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी आहेत, असं लोक म्हणतील. त्या प्रबंधावर मला परिषदेत बक्षीस मिळालं. आता मीच गाइड आहे. विद्यार्थिनी वॉर्डात निरीक्षणाला जातात तेव्हा त्यांच्या तक्त्यात मी एक रकाना घालायला लावते, त्या वेळी कोण कुठे होती याचा. काही वॉर्डांत त्यामुळे माणसं वाढली, एका ठिकाणी रक्त आणायला स्वतंत्र माणूस मिळाला. हे मी तुम्हाला फुशारकीने सांगत नाही. ज्या दोघींसाठी तो रकाना हवा होता त्यांच्या काही उपयोगाला तो आला नाही. त्यातली एक मेमोचा डाग घेऊन निवृत्त झाली, नंतर वारली. तिच्या घरीही मी गेले नाही.

गेल्या महिन्यात बाबा न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. लखनौच्याच महानगर भागातल्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीत बसले होते. एक पन्नाशीची नर्स आत आली, बाबांच्या पाठीखाली हात घातला आणि म्हणाली, "चलिए बाबूजी, ज़रा करवट लेते हैं. खिड़की की तरफ़ देखिए, आपका नीम दिखेगा." बाबा कुणाचं ऐकत नाहीत, पण वळले. तिने पाठ बघितली, टाचांखाली उशी सरकवली आणि मग माझ्याकडे वळून थोडा वेळ बघत राहिली.

"आप वही हैं ना? स्टूल वाली दीदी?"

मी उठून उभी राहिले. ती मात्र हसत होती. तुम्हीच तिला इथे लावून दिलंत, ते तिने सांगितलं. तुम्ही दोनदा बाराबंकीला तिच्या घरी गेला होतात, तिच्या सासूशी बोलला होतात, ते मला माहीत नव्हतं. दोन्ही मुली शिकल्या, थोरलीचं लग्न झालं. मग तिने माझा हात हातात घेतला.

"सिस्टर ने मुझे सब बताया था, दीदी. आपने तो पूरा लिखा था, हम लोग कहाँ-कहाँ दौड़ते थे. ऊपर वालों ने कटवा दिया. मैंने आपको कभी बुरा नहीं कहा."

तुम्ही तिला तेच सांगितलं होतंत जे मी तुम्हाला सांगितलं. तुमचा त्यावर विश्वास होता, की तिला माझा राग येऊ नये म्हणून तुम्ही तसं म्हणालात, हे मला आता कधीच कळणार नाही. "मॅडमनी?" असं विचारलंत तो आवाज मी कितीदा आठवून बघितला.

"आपने कोशिश तो की," ती म्हणाली. "इतना भी कौन करता है."

मी म्हणाले, "हाँ."

बाबा पलीकडे तोंड करून कडुनिंबाकडे बघत होते. तिने तापाची नोंद केली आणि पुढच्या खोलीत गेली. बाबांना तिथून सोडेपर्यंत ती रोज यायची आणि रोज मला वाटायचं, आज सांगावं. जाताना तिने मला तिचा नंबर दिला, बाबूजींची तब्येत कळवा म्हणून. मी नंबर घेतला. बाबा आता वॉकरने चालतात, आणि तेवढंच मी तिला मेसेज करून कळवलं.

काकू, हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. खरं तर ते तुम्हाला लिहायचंही नव्हतं. ती महानगरमध्ये आहे, सकाळच्या पाळीला असते, तिचा नंबर माझ्याकडे आहे. तुम्हाला लिहायला बसले, कारण तुम्ही उत्तर देणार नाही.