सायकलवरची बारा मिनिटं

प्रिय धाकट्या,

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू आधी ‘आई कशी आहे?’ विचारतोस, मग मी आईचंच सांगत बसते, आणि माझी पाळी येईपर्यंत तुझ्या दारावरची घंटा वाजते. म्हणून लिहितेय. छापखान्यात जेवणाची सुट्टी आहे. तपासायच्या कागदांचा गठ्ठा बाजूला सारलाय. अक्षर वेडंवाकडं येतंय, चालवून घे. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुकांवर फक्त खुणा करतेय, स्वतःचं असं काही लिहायची सवयच गेली.

आई ठीक आहे. खाते, पिते, केस विंचरून घेते. मला कधी स्वतःची बहीण समजते, कधी कामाला ठेवलेली बाई. बाई समजते तेव्हा जास्त गोड बोलते. शेजारच्या निवृत्त शिक्षिका मी कामावर असताना तिच्याजवळ बसतात, पण त्यांचेही गुडघे आता कुरकुरतात.

मागच्या महिन्यात जिन्यात काय झालं, ते मी तुला सांगितलं होतं. संध्याकाळी आम्ही फिरून येत होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आई अडून बसली, ‘हे माझं घर नव्हे’ म्हणाली. ते रोजचंच आहे. मी रोज तिला गोंजारून, दटावून, कधी खोटंनाटं सांगून तिसऱ्या मजल्यावर नेते. त्या दिवशी मला दम लागला, मी पायरीवर बसले आणि तिचा हात सुटला. ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरली आणि रस्त्यावर गेली. कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या काकांनी तिला टेम्पोच्या पुढ्यातून मागे ओढलं आणि हाताला धरून वर आणलं. मी तोवर तिथेच बसलेली. सगळ्यांना म्हटलं, छाती भरून आली, उठताच येईना.

मग सगळे माझ्या मागे लागले. शिक्षिकाबाई घाबरल्या, छापखान्याच्या मालकांनी तर मला खुर्चीवरून उठूच दिलं नाही. डॉक्टरांनी छातीला तारा लावून हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली, ती चांगली आली. पण ते म्हणाले, ‘बसल्या जागी हृदय शहाण्यासारखं वागतं. श्रम करताना हृदय आणि फुप्फुसं काय करतात, ते बघायला हवं.’ आणि मला मोठ्या इस्पितळात धाडलं.

तपासणीची खोली लहानशी होती. एक खिडकी, एक पंखा, आणि मधोमध जमिनीला पक्की बसवलेली सायकल. तिला चाकंच नव्हती. कितीही पेडल मारलं तरी माणूस जागच्या जागी. मनात म्हटलं, हे तर आपल्याला येतं. तपासणी घेणारी बाई चांगली उंचनिंच, खणखणीत आवाजाची. तिथले सगळे तिला मास्तरीण म्हणतात. तिनं छातीवर चिकटपट्ट्या लावल्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, बोटाला चिमटा लावला आणि तोंडानाकावर मास्क घट्ट बसवला. श्वासात किती हवा आत जाते, किती बाहेर येते, ते सगळं त्या मास्कमधून मोजतात म्हणे. ‘ताई, आता बोलायचं नाही,’ ती म्हणाली, ‘मी विचारीन, तुम्ही या फळ्यावर बोट ठेवायचं. शून्य म्हणजे काहीच नाही. दहा म्हणजे आता जीव जातो.’

सुरुवातीला पेडल अगदी हलकं होतं. मग मिनिटामिनिटाला जड होत गेलं, चढ लागल्यासारखं. दर मिनिटाला ती फळा पुढे धरायची. ‘दम किती लागलाय? पाय किती भरून आलेत?’ मी बोट ठेवायची. दोन. तीन. चार. तिचा एक हात माझ्या पाठीमागे, मला न लागता, नुसता तयार. सहाच्या आकड्यावर आले तेव्हा ती ओरडायला लागली, ‘चला, चला, थांबायचं नाही, अजून थोडं!’ तुझी शाळेतली शर्यत आठवली. तू पडलास आणि आई दोरीच्या बाहेरून तुझ्याबरोबर धावत सुटली होती, चप्पल एकीकडे, पिशवी एकीकडे. तू शेवटून पहिला आलास, आणि तिनं सगळ्या आळीत सांगितलं की माझा मुलगा थांबला नाही.

पाय पेटले होते, घाम डोळ्यांत जात होता. पण मला थांबावंसं वाटेना रे. का, ते तेव्हा कळलं नाही. बाराव्या मिनिटाला पायच फिरेनात, तेव्हा तिनं पेडलवरचं वजन काढलं.

डॉक्टर तरुण पोरगा. कागद चाळून खूश झाला. ‘बाई, तुमच्या वयाच्या मानानं उत्तम! हृदय ठणठणीत, फुप्फुसं ठणठणीत. अशा हृदयाला तीन मजले म्हणजे काहीच नाही.’ आणि मला रडू फुटलं. साधंसुधं नाही, हुंदके देऊन. त्याला वाटलं, आनंदानं रडतेय. त्यानं पाण्याचा पेला दिला आणि तो पुढच्या पेशंटकडे गेला.

मास्तरीण गेली नाही. चिकटपट्ट्या काढता काढता तिनं हळूच विचारलं, ‘घरी कोण आजारी आहे?’

मी म्हटलं, ‘आई. सहा वर्षं झाली.’

‘आणि तुमच्याबरोबर कोण?’

तिनं टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि म्हणाली, ‘बसा थोडा वेळ. खोली लगेच लागत नाही.’

मी बसले तिथे. थांबावंसं का वाटत नव्हतं, ते तेव्हा उमगलं. बारा मिनिटं एक माणूस माझ्याशेजारी उभं राहून दर मिनिटाला मला विचारत होतं, दमलीस का, किती दमलीस. सहा वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. तुला बोल लावत नाही. तू विचारलं असतंस तर मीच ‘छे, मी ठीक आहे’ म्हटलं असतं, ते मला माहीत आहे.

आता खरं सांगते. त्या दिवशी जिन्यात मला दम लागला नव्हता. मी हात सोडला. आई खाली जाताना मला दिसत होती. तिची पावलं ऐकू येत होती, खालचं दार उघडल्याचंही ऐकू आलं. मी उठू शकत होते आणि उठले नाही. मनात एवढंच आलं की जाऊ दे, दोन मिनिटं जाऊ दे. मग खाली ब्रेक करकचून वाजला, तरीही पाय हलले नाहीत. त्यानंतर महिनाभर मी स्वतःलाच पटवत राहिले की मला काहीतरी झालंय. देवाशपथ, त्या सायकलवर चढताना मी मनात म्हणत होते, काहीतरी निघू दे. एखादी रक्तवाहिनी बंद निघू दे. म्हणजे ते सगळं त्या वाहिनीवर ढकलता येईल, आठ दिवस खाटेवर पडायला मिळेल, आणि मी न बोलावता तू धावत येशील.

काहीच निघालं नाही. म्हणून आता बोलवावं लागतंय, आणि हे आयुष्यात पहिल्यांदाच, त्यामुळे कसं लिहायचं ते कळत नाही. चार कागद फाडले. तू येऊन आईला तीन महिने तुझ्याकडे घेऊन जा. ती तुला ओळखणार नाही, रडेल, दारं वाजवेल, आणि तुमच्या घराची घडी विसकटेल, हे सगळं मला ठाऊक आहे. वहिनीलाही हे पत्र दाखव, लपवू नकोस. पण पुन्हा कधी तिचा हात माझ्या हातातून सुटला, तर कोपऱ्यावर ते काका असतीलच असं नाही. मी आजारी नाही. रिपोर्ट सोबत जोडलाय, नीट वाच, मला काहीही झालेलं नाही. तरीही ये.

तुझीच,
ताई