मावशीचा घसा

१२ जून
सकाळी गच्चीवरची कबुतरांची ढाबळ उघडली तर शेजारच्या बबनने दिलेल्या अंड्यांतलं मोठं पिल्लू मरून आडवं. अकरा दिवसांचं. चोच उघडून पाहिली. घशात पिवळं, पनीरचा तुकडा चिकटावा तसं. वास आंबट. सौ.ला सांगितलं की काल संध्याकाळपर्यंत नीट खात होतं. खरं म्हणजे काल मी नीट पाहिलंच नाही.

या वर्षातलं हे तिसरं. आधीची दोन माझी होती म्हणून गप्प बसलो. हे सुभेदारचं. सुभेदार म्हणजे बबनचा गिरेबाज नर, सकाळी उडाला की जेवायच्या वेळेला उतरणारा, अख्ख्या तळवलीत तसा दुसरा नाही. पण त्याची मादी अंडी घालते आणि टाकून देते, बसत नाही. म्हणून अंडी माझ्या मावशीखाली ठेवतो. मावशी कुणाचंही पिल्लू वाढवते, त्यावरूनच नाव पडलं.

दुसरं पिल्लू तोंड उघडतंय, पण गिळत नाही.

१३ जून
दुसरंही गेलं. बबनला फोन केला, आला. पाटणहून इथे आलो तेव्हा पहिली जोडी त्यानेच दिलेली, दाणे कसे टाकायचे तेही त्यानेच शिकवलं. आज सौ.ने ठेवलेला चहा घेतला नाही.

"पान्यात काय टाकलंस तू?"
"मी काय टाकणार? हे अंड्यातूनच आलंय. तुझ्या नराचं आहे."
"सुभेदाराचा? जल्ला, तो दिसभर आभालात असतो, त्याला कुठला रोग?"

मग दोघंही नको ते बोललो. पिल्लं पिशवीत घालून घेऊन गेला. पुरतो म्हणाला. माझ्याकडे पुरायला कुंड्या होत्या, तरी.

१५ जून
सोक्षमोक्ष लावायचा ठरवला. तळोज्याला केमिकल कंपनीत बत्तीस वर्षं सँपल घेण्यात गेली, मला कुणी सँपल शिकवू नये. बाटली धुतली, वाळवली, उन्हात परत वाळवली. कंपनीत कोरडी बाटली म्हणजे निम्मं काम. मावशीच्या घशातून कापसाची काडी फिरवली, बाटलीत टाकली, झाकण घट्ट, चिठ्ठी: नाव, तारीख, वेळ. खारघरला पक्ष्यांच्या डॉक्टर मॅडम आहेत, त्यांच्या दवाखान्यात काउंटरला देऊन आलो. जायलाच दीड तास लागला.

१६ जून
मॅडमचा फोन. "यात काही दिसलं नाही. पण पक्षी घेऊन या."
काही दिसलं नाही. संपला विषय. बबनला मेसेज टाकला: मावशीचा रिपोर्ट क्लीन. तू तुझ्याकडे बघ. दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर नाही.

२१ जून
सौ. भाजी घेऊन आली ती बातमी घेऊनच. बबनने सुभेदार देऊन टाकला. उरणला, मेव्हण्याकडे. "रोगी हाय बोलतात, मग ठेवून काय करू," असं बायकोला बोलला म्हणे.
मी म्हटलं, बरं केलं. जेवताना घास लागला, सौ.ने पाणी दिलं.
सकाळी सवयीने वर बघितलं. बबनच्या गच्चीवर आभाळ मोकळं.

२ जुलै
चार दिवस पाऊस थांबेना. पहिल्याच दिवशी ढाबळीला चारी बाजूंनी ताडपत्री लावली, दोरीने आवळली, थेंब आत येणार नाही अशी. मनात म्हटलं, काम असं पाहिजे.

३ जुलै
मावशी शिंकतेय. एक डोळा ओला. छातीला कान लावला तर आत घरघर, जुन्या पंख्यासारखी. आणखी चौघांना तसंच. आत शिरलो तर माझेच डोळे चुरचुरले. मावशी दाण्यांकडे बघत बसली होती, खात नव्हती.
भीती वाटली. लिहायला लाज कसली. पाच वर्षं झाली तिला माझ्याकडे.

४ जुलै
सौ.: "त्या बाईंनी पक्षी घेऊन या म्हणून सांगितलेलं ना?"
मी: "तुला कुणी सांगितलं?"
सौ.: "फोन स्पीकरवर होता. तुम्ही निम्मंच ऐकलंत."
उद्या जातो.

५ जुलै
हे सगळं नीट लिहायचं आहे.
मावशीला बुट्टीत घालून वर ओढणी बांधली, खारघर. मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी मावशीला हातात घेतलं, तोंडाजवळ नाक नेलं, मग काडी घशात फिरवून लगेच काचेवर कोमट पाण्याचा थेंब आणि लगेच मायक्रोस्कोप. "बघा." बघितलं. बारीक बारीक काहीतरी वळवळत पोहत होतं, भरपूर.

मी म्हटलं, मग माझं सँपल?
"कोरड्या बाटलीत आलं होतं. हे जे पोहतंय ते कोरडं झालं की मरतं. मेल्यावर पोहत नाही, मग ओळखू कसं येणार? म्हणून तर पक्षी घेऊन या म्हटलं."

बत्तीस वर्षांची कोरडी बाटली. मला बसायला स्टूल दिलं.

या रोगाला कँकर म्हणतात. अंड्यातून येत नाही. भरवणाऱ्याच्या तोंडातून येतं, आणि एकाच भांड्यात सगळे पितात त्यातून. मोठ्या पक्ष्याला काही होत नाही, तो ठणठणीत दिसतो आणि वाटत फिरतो. पिल्लं मरतात. म्हणजे मावशीनेच. जितकी प्रेमाने भरवली तितकी. आणि तिच्याकडे पिल्लं आणून ठेवणारा मी.

विचारलं, मारावी लागेल का? मॅडम हसल्या. "कशाला? औषध आहे. ही बरी होईल." जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन बाकड्यावर बसलो, बुट्टीत मावशी आपली घुमतेय.

छातीचं वेगळं. फोनमधला ढाबळीचा फोटो बघून मॅडमनी विचारलं, हवा कुठून जाते? मी म्हटलं, कुठूनच नाही. "मग तेच कारण. ओल, विष्ठेचा वास, धूळ." कंपनीत खिडक्या उघडा म्हणून बोंबलणारा माणूस मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

६ जुलै
ताडपत्री काढली. वरून पत्रा पुढे ओढला, पाऊस अडेल आणि समोरून-मागून वारा जाईल असा. खालचा थर खरवडला, मास्क लावून. कोरडा भुसा टाकला. गर्दी होती ती दोन खणांत वाटली.

औषधाची गोळी वजनावर. सौ.ने किचनचा काटा दिला, "धुऊन परत द्या" म्हणून तीनदा सांगितलं. पहिल्या दोघांना मी भरवली, दोघांनीही थुंकून टाकली. मग सौ.ने पदर खोचला. चोच कोपऱ्यातून उघडून गोळी जिभेच्या मागे, घसा हलका चोळला, झालं. मुलांना औषधं तिनेच पाजली होती, मी पाळीला असायचो.

घशातलं पिवळं काढायला जायचं नाही, रक्त येतं. औषधाने आपोआप सुटतं. हे मॅडमनी दोनदा बजावलं, माझा स्वभाव ओळखला असणार.

मावशीच्या नरालाही गोळी. तोही भरवतो. म्हणजे काकाही यात निघाले.

८ जुलै
घरघर कमी. मावशीने बाजरी उचलली, पाच-सहा दाणे. डोळा सुकला. मोठ्याने हसलो, सौ.ने खालून विचारलं काय झालं. काही नाही म्हटलं.

पाण्याची भांडी आता दोन संच. एक वापरात, एक धुऊन उन्हात कडक वाळत. ऊन नसेल तर पंख्याखाली. मॅडम म्हणाल्या, तुमची कोरड्या भांड्याची सवय इथे लावा. लावली. माझ्या सवयीला शेवटी जागा मिळाली.

९ जुलै
सौ.: "बबन भाऊजींना कधी सांगणार?"
मी: "औषध पूर्ण होऊ दे."
सौ.: "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत. औषधाचा काय संबंध?"
संबंध नाही, हे मलाही ठाऊक आहे. त्याच्या गच्चीकडे बघायला लागू नये म्हणून आज दाणे पाठ करून टाकले.

१० जुलै
गेलो. बबन ओट्यावर कोळंबी सोलत बसलेला. ये म्हणाला नाही, बस म्हणाला नाही. मी उभ्याउभ्याच सांगितलं. रोग माझ्या मावशीचा होता. सँपल मी बिघडवलं. पक्षी घेऊन या सांगितलेलं, मी ऐकलं नाही. सुभेदार चांगला होता. चुकलो.

तो सोलत राहिला. मग बोलला, "मावशी जगेल?"
मी हो म्हटलं.
"बरेच दिस दिसली नाय, मना वाटला तू तिला मारलीस."
म्हणजे इतके दिवस हा तिची काळजी करत होता. मी त्याला रोगी ठरवून बसलेलो.

त्याच्या पक्ष्यांसाठी मॅडमचा नंबर दिला. म्हणाला, बघतो. चहा नाही विचारला. ठीक आहे.

१२ जुलै
सकाळी बबन दारात. "चल उरनला."
मेव्हणा द्यायला कुरकुरत होता, सुभेदार तिथेही दुपारपर्यंत वर राहायचा. बबन बोलला, "दोस्ताची चूक झाली, दे." दोस्त म्हणाला. परतताना पिंजरा माझ्या मांडीवर. माझं डोकं बऱ्याच दिवसांनी हलकं होतं.

बाहेरून आलेला पक्षी पंधरा दिवस वेगळा ठेवायचा, पाणीही वेगळं. हे बबनला सांगितलं तर म्हणाला, "आता तूच मॅडम झालास." पण ठेवला.

१९ जुलै
सगळ्यांचे श्वास साफ. रोज संध्याकाळी एकेकाला कानाला लावतो. शेजारच्या सोसायटीतली एक बाई गॅलरीतून बघत होती, कबुतराशी फोनवर बोलतोय वाटलं असेल.

३ ऑगस्ट
मावशीला आणि काकांना घेऊन परत खारघर. याही वेळी जिवंत पक्षी, बाटली घरी. मॅडमनी थेंब ठेवला, बघितलं, मला बघायला लावलं. काही पोहत नाही. पुन्हा बघितलं. नाही.
"आता पिल्लं भरवू दे?"
"भरवू दे. दहा-बारा दिवसांची झाली की घसे बघा. परत येऊ शकतं, लक्ष ठेवा."
येताना सौ.साठी चाफ्याची फुलं घेतली. "कशाबद्दल?" काही नाही म्हटलं. आजकाल काही नाही फार म्हणतो.

९ ऑगस्ट
मावशी कालपासून अंड्यांवर बसलीय. दुपारी बबन आला, हातात स्टीलचा डबा, आत कापूस, कापसात दोन अंडी. सुभेदारची.

मी डब्याकडे बघत राहिलो. म्हटलं, दुसरीकडे ठेव. घणसोलीत आहेत कुणाकुणाच्या चांगल्या माद्या. परत काही झालं तर मला झेपणार नाही.
"मावशीखाली घाल."
"बबन, मॅडम म्हणाल्या परत येऊ शकतं."
"आयकला मी. मी पन त्यांना फोन केलता. घाल."

सौ. मागून बोलली, "माय मरो पण मावशी जगो म्हणतात, जगलीय तर ठेवा तिच्याकडे." बबन हसला. मला हसू आलं नाही. अंडी बदलली तेव्हा मावशीने माझ्या बोटाला चोच मारली आणि दोन्ही पोटाखाली ओढून घेतली.

२७ ऑगस्ट
दोन्ही फुटली. ओली, आंधळी, पिवळी लव. बबनला व्हिडिओ पाठवला. पाच मिनिटांत स्वतःच आला, चप्पल न घालता.

७ सप्टेंबर
आज अकरा दिवस. जूनमध्ये ते पिल्लू अकरा दिवसांचंच होतं. भांडी स्वतः धुतली, दोनदा. सौ. म्हणाली, घासून भोक पाडाल.

बबन सकाळीच आला. घसे बघायचे ठरलेलं. टॉर्च त्याने आणला, मी हात धुतले. "तू उघड, तुजा हात हलका हाय." मी म्हटलं, तुझी पिल्लं, तू उघड. असं दोनदा झालं.

तेवढ्यात मावशी खणात आली. दोन्ही पिल्लं तिच्यावर तुटून पडली, डोळ्यांपर्यंत तोंडं तिच्या घशात. ती मान हलवून हलवून भरवत होती. बबन उलट्या बादलीवर बसला. टॉर्च त्याने विझवला.

"आता नको. जेवतान ती."
"मग कधी?"
"जेवू दे ना पोटभर. उद्या बघू."

पिल्लं गिळत होती. ते मला दिसत होतं. सौ.ने वर चहा आणला. बबनने घेतला, संपवला, कप पुढे केला, आणखी घेतला.